गोपिकाचा डब्बा आणि खांबावरचा कवडू

गोपिका मूळची रोहण्याची. लग्न होऊन आमच्या केळझरला आली त्याला आता पंचवीसेक वर्षं झाली असतील. सासरी दोन एकर भाजीपाला. वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. नवरा खुशाल तेव्हा बुटीबोरीच्या एका कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. त्यामुळे ट्रॅक्टर चालवायला गोपिकाच शिकली. गावात आधी लोक थांबून पाहायचे, मग पाहायचं थांबले. सेलूच्या बाजारात तिची जागा ठरलेली, आणि एका गिऱ्हाइकाने निवडून बाजूला टाकलेली भेंडी ती दुसऱ्याच्या पिशवीत कधी घालायची नाही. एवढ्यावरून बाई कशी आहे ते कळावं.

मध्यंतरी कारखान्यातला खुशालचा विभाग बंद झाला. चार महिने तो घरी नुसता बसून होता. मग एक दिवस त्याने भंगारातून दोन चाकांचा सांगाडा आणला आणि अंगणात ठोकाठोकी सुरू केली. बोरच्या जंगलात वाघ पाहायला शहरातले लोक येतात, त्यांना राहायला चाकांवरची खोली द्यायची, हे त्याच्या डोक्यात होतं. आत दोन पलंग, लहानसा ओटा, छपरावर सोलरच्या पाट्या, पलंगाखाली मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. तो त्याला कॅम्पिंग ट्रेलर म्हणायचा. गाव त्याला डब्बा म्हणायचं.

"शेतात झोपायले लोक पैसे देतीन?" गोपिकाने विचारलं होतं.

"देतीन. तू पाहाजो."

लोक यायला लागले खरे. चादरी धुणं, डब्बा झाडणं, पाहुण्यांना भरीत-भाकर देणं गोपिकाकडे आलं. ट्रॅक्टरला जोडून डब्बा कुठे नेऊन ठेवायचा तेही तीच करायची. बॅटरीचा आकडा कसा वाचायचा, लाल बटण कुठलं, हे खुशालने तिला शिकवून ठेवलं होतं. बाकी त्यातलं तिला फार कळत नव्हतं, आणि तसं ती म्हणायचीही नाही.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात सासऱ्यांचं, प्रभाकररावांचं दुखणं वाढलं. फुप्फुसं कमजोर झाली होती. सावंगीच्या दवाखान्यात आठवडाभर ठेवून घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, ऑक्सिजन लावूनच ठेवा, काढलात तर जेवण्या-धुण्यापुरता. हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं मशीन घरी आलं, आणि लाइन गेली तर म्हणून एक लहान सिलेंडर. म्हातारबा नाकात नळी घालून माजघरातल्या खाटेवर बसायचे आणि मशीनच्या घरघरीवर वैतागायचे.

"गोपिका, ही चक्की बंद कर वं थोडी. बातम्या ऐकू येऊन नाई राह्यल्या."

"मामाजी, बातम्या उद्याही येतीन."

मे महिन्यातली गोष्ट. खुशाल डब्ब्याच्या टायरसाठी नागपूरला गेला होता. डब्बा गावाबाहेर शेतात उभा होता. दुपार कलताना आभाळ पिवळट झालं, वारा एकदम थांबला, आणि मग जे सुटलं ते वादळ आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनीही पाहिलेलं नव्हतं. छपरांवरच्या टिना उडाल्या. गल्लीच्या तोंडावरचा विजेचा खांब मधून मोडला. शाळेजवळचं निंबाचं झाड मुळासकट आमच्या गल्लीत आडवं झालं. अर्ध्या तासात सगळं शांत झालं, पण लाइन गेली होती, मोबाइल मुके झाले होते, आणि हायवेवर झाडं पडून गाड्या जागच्या जागी अडकल्या होत्या.

गोपिकाने मशीन बंद पडताच सिलेंडर लावला होता. त्याच्या काट्याकडे पाहिलं. अर्ध्यापेक्षा खाली. मागच्या आठवड्यात दोनदा लाइन गेली होती, तेव्हा वापरला होता. भरून आणू म्हणता म्हणता राहून गेलं होतं.

शेजारच्या देवकाबाई म्हातारबांकडे बघायला येऊन बसल्या. "तू जा," त्या म्हणाल्या. "खुशालचा डब्बा घेऊन ये. त्यात लाइन रायते ना?"

गोपिका ट्रॅक्टर घेऊन निघाली. एरवी शेत म्हणजे जाऊन येऊन अर्धा तास. त्या दिवशी बाभळीची फांदी रस्त्यावर होती, ती तिने साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढली. पुढे विजेची तार लोंबत होती. ती मेलेली आहे की जिवंत, कोण सांगणार? तिने ट्रॅक्टर शेतात घातला, दुसऱ्याच्या भुईमुगातून नेला. डब्बा उलटला तर नसेल ना, ही एकच भीती सगळ्या वाटेने. नव्हता उलटला. झाडाला बांधलेला असल्यामुळे एका बाजूला कलून उभा होता. छपरावरची एक पाटी फुटली होती. तिने आत शिरून बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. तिथेच खाली बसून रडावंसं वाटलं तिला, पण बसली नाही.

ती परत आली तेव्हा सिलेंडरचा काटा तळाला टेकला होता आणि म्हातारबा दोन्ही हात खाटेवर रोवून, मान पुढे काढून श्वास ओढत होते. देवकाबाई पदराने वारा घालत होत्या. गोपिकाने डब्बा मागच्या अंगणात लावला, खिडकीतून लांब वायर आत घेतली, मशीनची पिन घातली. घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने म्हातारबांच्या ओठांचा रंग परतला.

"चक्की चालू झाली," ते म्हणाले.

रात्री घरात दिवासुद्धा लावला नाही. जी काय बॅटरी आहे ती मशीनला. गोपिका मधून मधून डब्ब्यात जाऊन आकडा पाहून यायची, दर वेळी तो उतरलेला. पहाटे तो इतका खाली आला होता की पाहायची तिची हिंमत होईना. पण सूर्य निघाला आणि उरलेल्या पाट्यांवर ऊन पडलं तसा आकडा तिथे थबकला, मग हळूहळू चढू लागला.

सकाळी सेलूहून तिचा दीर किशोर आला. झाडांवरून मोटरसायकल उचलून आणत तो पोचला होता. त्याचं तिकडे मोबाइलचं दुकान आहे. बापाचा जीव की प्राण. येताच तो खाटेजवळ बसला. म्हातारबांचा बनियन घामाने चिंब झाला होता. नऊ वाजतानाच भिंती तापल्या होत्या.

"वहिनी, बाबा उकडून मरतीन असे. पंखा तरी पायजे."

"पंखा वरतून टांगलेला हाये. त्याले पिन कुठी हाये डब्ब्यात लावायले?"

किशोरने विचार केला. मग म्हणाला, "वायरच्या दोन्ही टोकाले पिना लावतो. एक डब्ब्यात, एक आपल्या भिंतीतल्या बोर्डात. पूर्ण घरात लाइन येते मंग. पंखा, पाण्याची मोटर, सगळं."

"काई होणार तर नाई ना?"

"काय होते? बॅटरीत हाये आता भरपूर. ऊन पडून राह्यलं."

"मेन स्विच पाडावा लागते का?"

"लाइनच नाई तं मेन पाडून काय करतं? खांबच मोडला हाये तिकडं."

हे बोलणं मी नंतर दोघांकडूनही ऐकलं, आणि दोघांनीही ते तसंच सांगितलं. गोपिकाने क्षणभर म्हातारबांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याच्या खळगीत घाम साचला होता. ती म्हणाली, "कर."

त्याच वेळी गल्लीत वायरमन आले होते. कवडू आणि त्याचा एक मदतनीस. कवडू आमच्या पलीकडच्या वस्तीतला, सगळ्यांना माहीत असलेला. वादळ झाल्यापासून तो झोपलेला नव्हता. त्याने गावाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जाऊन स्वतःच्या हाताने फ्यूज काढले होते. शिवाय गल्लीच्या तोंडाशी खांब मोडून तार तुटलीच होती. आमच्या गल्लीवर तारेचा जो तुकडा लटकत राहिला होता, त्यात कुठूनही करंट येण्याचा प्रश्न नव्हता. गोपिकाच्या आणि देवकाबाईच्या घरांच्या मधल्या खांबावर तो चढला. खाली निंबाचं झाड कापायचं पेट्रोलवरचं मशीन सुरू होतं, त्याच्या कर्कश आवाजात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं.

इकडे किशोरने वायर जोडली. माजघरातला पंखा आधी कुरकुरला, मग फिरू लागला. म्हातारबांनी वर पाहून डोळे मिटले. "हाऽऽ," ते म्हणाले. गोपिकालाही बरं वाटलं. ती स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवायला वळली, आणि खिडकीतून तिला देवकाबाईचा आवाज आला.

"आली वो! लाइन आली! गोपिका, पंखा फिरून राह्यला माह्या घरचा!"

गोपिकाच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. देवकाबाईच्या घरी पंखा कसा फिरेल? डब्बा तर आपल्या अंगणात आहे. मग तिला समजलं. कुणी शिकवलेलं नव्हतं, पण समजलं. आपल्या बोर्डातून लाइन उलटी बाहेर गेली. मेनमधून, खांबावर, तारेवर, आणि तारेवरून देवकाबाईकडे.

खांबावर कवडू होता. चढताना तिने पाहिला होता त्याला.

ती दारात आली. तिथून खांबाचा वरचा भाग दिसत होता. कवडूने कमरेला दोर बांधला होता, एक हात खांबाला, दुसऱ्या हातात पक्कड, आणि तो तारेकडे वाकत होता. तिने जीव खाऊन आरोळी मारली, "कवडूभाऊ! हात नोको लावू!" लाकूड कापायच्या मशीनने ती गिळून टाकली. मदतनिसाची पाठ तिच्याकडे होती.

खांबापर्यंत धावायचं की डब्ब्याकडे? ती डब्ब्याकडे धावली.

डब्ब्याच्या पलंगाखाली दोन काळ्या वायरी एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. एक म्हातारबांच्या मशीनची, एक किशोरने लावलेली. कोणती कोणती, कळायला मार्ग नव्हता. लाल बटण बंद केलं तर दोन्ही बंद होणार होतं. सिलेंडर रिकामा आहे हे तिला माहीत होतं. तिने लाल बटण मारलं.

इन्व्हर्टरचा गुणगुणाट थांबला. त्याच्याच मागून घरातून मशीनची शिट्टी ऐकू आली, लाइन गेली की वाजते ती. आणि थोड्या वेळाने गल्लीतलं लाकूड कापायचं मशीनही थांबलं. कोणीतरी ओरडलं म्हणून ते बंद केलं होतं, हे तिला नंतर कळलं. तेव्हा तिला फक्त शांतता ऐकू आली, आणि कवडू गेला, असाच त्या शांततेचा अर्थ तिने घेतला.

किशोर धावत डब्ब्याच्या दारात आला. "काऊन बंद केलं? बाबाची मशीन बंद पडली!"

"वायर काढ."

"वहिनी, बाबा गुदमरून राह्यले! चालू करा आधी!"

"तुही वायर काढ आधी. कवडू खांबावर हाये."

किशोरला ते कळायला एक क्षण लागला. मग त्याचा चेहरा राखेसारखा झाला. तो खाली बसून वायर चाचपू लागला, पण दोन वायरींचा गुंता सुटेना. आतून म्हातारबांचा खोकला येत होता. खोकला नव्हे, घशात अडकलेला घरघराट. किशोरने एकदा मान वर करून बटणाकडे पाहिलं. गोपिकाने बटणावर तळहात ठेवला होता, घट्ट दाबून. बाप त्याचा होता. पण हात तिने काढला नाही.

"घरातून धर," ती म्हणाली. "बोर्डातली पिन वढ, अन् तिथून वढत ये."

तो आत पळाला. बोर्डातली पिन निघाली. वायर सरसरत ताणली गेली, पलंगाखाली हलली ती कोणती ते तिला दिसलं. तिने ते टोक उपटून अंगणात फेकलं आणि मग बटण चालू केलं. घरघर परत सुरू झाली. आता फक्त एकच वायर आत जात होती.

ती घरात न जाता गल्लीत गेली. खांबाखाली माणसं जमली होती. तिने आधी जमिनीकडे पाहिलं. पक्कड पडलेली होती. माणूस पडलेला नव्हता. मग वर पाहिलं. कवडू दोराच्या आधाराने मागे झुकून लटकल्यासारखा होता, डोळे उघडे. मदतनीस शिडी लावत होता.

पक्कडीचं टोक तारेला लागलं होतं. मुठीचं रबर एका जागी फाटलेलं होतं, तिथे त्याचं बोट होतं. झटका बसला, पक्कड उडाली, दोराने त्याला धरून ठेवलं. तोल सावरायला तो दुसऱ्या हाताने तार धरणार होता, आणि तेवढ्यात देवकाबाईचा पंखा थांबला, म्हणजे करंट गेला, असं कोणीतरी म्हणालं. नेमकं आधी काय झालं आणि मागून काय, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

कवडू उतरला आणि देवकाबाईच्या ओट्यावर बसला. हात मांडीत धरून. कोणी पाणी दिलं ते त्याने तोंडावरच मारून घेतलं. गोपिका समोर जाऊन उभी राहिली.

"आमच्या घरून आला करंट," ती म्हणाली.

त्याने तोंड पुसलं. मग इतक्या जोरात बोलला की मागचे लोक सरकले. "मी फ्यूज काढले हाताने! दोन येळा पाहिले! अन् तुमी मागून सोडून राह्यले? माह्ये लेकरं हायेत ना वहिनी!"

"हो."

"कोणं केलं?"

किशोर पुढे झाला. "मी, भाऊ. बाबाले पंखा..."

"मीच म्हणलं कर म्हणून," गोपिका म्हणाली.

कवडूने दोघांकडे पाहिलं. मग तो उठला, त्यांच्या अंगणात गेला, पडलेली ती दोन पिनांची वायर उचलली आणि मदतनिसाच्या पक्कडीने तिचे तुकडे केले. एक, दुसरा, तिसरा. शेवटी पिना राहिल्या त्या त्याने खिशात घातल्या. मग माजघराच्या दारातून आत डोकावला. म्हातारबा उशीला टेकून होते, छाती अजून वरखाली होत होती. कवडू त्यांच्याकडे आणि मशीनकडे बघत राहिला.

"ते चालू राहू द्या," तो म्हणाला. "सीधी वायर हाये ती, तिचं काई नाई. घराचा मेन मात्र पाडा. आत्ता. माह्यासमोर."

गोपिकाने मेन पाडला. मग तो गल्लीतल्या एकेका घरात गेला, कोणाकडे इन्व्हर्टर आहे, कोणाकडे जनरेटर, विचारत, आणि सगळ्यांचे मेन पाडून घेतले. संध्याकाळी बोट सुजलेलं असताना तो पुन्हा त्याच खांबावर चढला. गोपिका खाली उभी होती, तो उतरेपर्यंत. तिला कोणी उभं राहा म्हटलं नव्हतं.

खुशाल त्याच दिवशी दुपारी नागपूरहून पोचला तेव्हा त्याला अंगणात वायरचे तुकडे दिसले. सगळं ऐकल्यावर तो डब्ब्याच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "बटण दाखवलं तुले. हे सांगायचं राहून गेलं." त्या आठवड्यातच त्याने मेनजवळ नवा स्विच बसवून घेतला. त्याची मूठ एका बाजूला केली की घर खांबाला जोडलं जातं, दुसऱ्या बाजूला केली की डब्ब्याला. दोन्हीकडे एकदम कधीच नाही. कवडूने येऊन तो तपासला. चहा मात्र घेतला नाही.

लाइन तिसऱ्या दिवशी आली. म्हातारबांचा पंखा फिरला, बातम्या लागल्या. किशोर पुढचे कित्येक दिवस केळझरला येत राहिला, बापाच्या पायाशी बसायचा आणि वहिनीशी नजर मिळवायचा नाही. गोपिकानेच डब्बा परत शेतात नेताना त्याला ट्रॅक्टरवर सोबत घेतलं आणि फुटलेली सोलरची पाटी उतरवायला लावली. काम करता करता दोघं बोलले. काय बोलले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

पावसाळा लागायच्या बेतात सेलूच्या बाजारात कवडूची बायको शालू गोपिकाच्या भाजीसमोर येऊन उभी राहिली. गोपिका तिला ओळखत होती, पण बोलणं कधी झालं नव्हतं.

"यायनं सांगतलं मले," शालू म्हणाली. "तुमी लाइन बंद केली म्हणून वाचले."

गोपिकाला हो म्हणून मोकळं होता आलं असतं. बाजार ऐकत होता. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"चालूही मीच केली होती, बाई," ती म्हणाली. "माह्या हो म्हणण्यानं."

शालू खाली बसली, वांगी उलटून पालटून पाहू लागली, किडकी बाजूला, चांगली टोपलीच्या कडेला. मग तिने मान वर केली.

"मामाजी कसे हायेत आता तुमचे?"

"बरे हायेत."

"अर्धा किलो द्या," शालू म्हणाली, आणि पिशवी पुढे केली.